कूस बदलताना

४ नोव्हेंबर, सोमवार

झाला एकदाचा पहिला वर्ग! घसा बसलाय, पायांचे तुकडे पडलेत, आणि समाधान म्हणावं तर शून्य.

मेट्रनबाईंनी गेल्या आठवड्यात केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाल्या, कॅन्सरच्या दोन्ही वॉर्डांत पडून पडून होणाऱ्या जखमा फार झाल्यात. माणूस आजाराशी झगडत तगून राहतो आणि पाठीच्या जखमेनं हातचा जातो. तू त्याचं शिक्षण घेऊन आलीस ना? मग आता बाकीच्या सिस्टरना शिकव. महिनाभर देते. फरक पडला तर सगळ्या इमारतीला लावू. नाही पडला तर तू आपली परत ड्युटीवर.

मी हुरळून हो म्हणाले. बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज कोण, याचा विचार घरी येताना केला. आमच्या वहिनी! माझी थोरली जाऊ. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. मी नर्सिंगला गेले ती त्यांच्या शब्दावर. पहिलं सलाइन लावताना माझा हात थरथरत होता, तो धरून ठेवला होता तो त्यांनी. आणि आज मी फळ्यासमोर, त्या शेवटच्या रांगेत—हाताची घडी घालून.

मी म्हटलं, कातडी लाल झाली असेल तिथे स्पिरिट-पावडर लावून चोळायचं नाही. आतलं मांस आधीच चेंगरलेलं असतं, चोळलं की आणखी खराब होतं. सगळ्या जणींनी वळून वहिनींकडे पाहिलं. का नाही पाहणार? चोळायला शिकवलं होतं त्यांनीच!

वहिनी म्हणाल्या, "चालू दे, मॅडम."

मॅडम!! संध्याकाळी त्या जिना चढून सरळ वर गेल्या. रोज आमच्याकडे टेकतात, चहा घेतात, मग जातात. आज नाही.

६ नोव्हेंबर

बोलून उपयोग नाही हे कळलं, म्हणून आज वेगळं केलं. वर्गात तपासणीचं कडक टेबल आणवलं. वहिनींच्या वॉर्डातल्या टकळीला म्हटलं, झोप उताणी. (तिचं खरं नाव मेट्रनबाईंनासुद्धा आठवायला लागतं. तोंडाला टाळं म्हणून नाही!) तिच्या माकडहाडाखाली बाटलीचं झाकण ठेवलं आणि सांगितलं, आता हलायचं नाही.

"मॅडम, असा वर्ग रोज घ्या की! पगारी आराम." सगळ्या हसल्या. मी माझं बोलत राहिले—हाडाच्या टोकावर दाब आला की तिथलं रक्त थांबतं, कातडी उपाशी पडते वगैरे. थोड्या वेळानं टकळीचं बोलणं तुटक झालं. मग बंदच. मग म्हणाली, "मॅडम, उतरू का?" मी म्हटलं, नाही. "मॅडम, खरंच. रग लागलीय हो."

म्हटलं, "तुला उतरता येतं. तुमच्या खिडकीशेजारच्या आजींना येत नाही. त्या सकाळपासून तशाच आहेत."

टकळी उतरली, कंबर चोळायला हात नेला आणि माझ्याकडे बघून मागे घेतला! तेव्हा कुठे सगळ्या परत हसल्या, मीही.

त्यानंतर मात्र शिकवायला जीव आला. पूर्ण कुशीवर लोळवायचं नाही, पाठीमागे उशी देऊन जरासं कलतं ठेवायचं. टाचा अधांतरी. चादरीवरून ओढायचं नाही, दोघींनी उचलायचं. केमोनं पोट बिघडलेलं असतं, तेव्हा ओलं राहू द्यायचं नाही. ऑक्सिजनच्या नळीमागे, कानामागेसुद्धा बघायचं. पुरुषांच्या वॉर्डातली चष्मेवाली पोरगी प्रश्नांवर प्रश्न विचारत होती.

वहिनी आल्या नाहीत. निरोप आला—वॉर्डात झोपा काढायला कुणाला वेळ नाही.

९ नोव्हेंबर

आज दोन्ही वॉर्डांतला प्रत्येक रुग्ण तपासला. पाठ, खुबे, टाचा, कोपर. मी सांगून ठेवलं होतं की सावळ्या कातडीवर लाली दिसेल अशी वाट बघत बसू नका. हाताच्या पाठीनं स्पर्श करा. आजूबाजूपेक्षा गरम लागतं का? घट्ट लागतं का? आणि सगळ्यात आधी विचारा—दुखतं का.

एका शिंपीकाकांच्या खुब्यावर चष्मेवालीचा हात थांबला. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. "इथे ऊन लागतंय, मॅडम." मी हात लावला. बरोबर होतं. काका म्हणाले, "दोन दिवस झाले ठणकतंय. पण म्हटलं एवढ्या मोठ्या आजारात हे काय सांगायचं!"

किती जण असं न सांगता पडून असतील.

जाताना मेट्रनबाईंनी आकडा बघितला आणि कपाळाला आठ्या. "तू आल्यापासून जखमा वाढल्याच की गं!" मी म्हटलं, वाढल्या नाहीत, दिसायला लागल्या. "वर साहेबांना कोण समजावणार ते? तू?"

महिना आहे म्हणे हातात. मला तर आठवडासुद्धा दिसेना.

११ नोव्हेंबर

सासूबाईंना भरती केलं. पहाटे ताप चढला, कमरेतून कळा. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, मग केमो झाली, वाटलं सुटलो. आता कमरेच्या हाडात आहे म्हणतात. नवीन औषध सुरू करायचंय.

जागा मिळाली बायकांच्या वॉर्डात. म्हणजे वहिनींच्याच.

मोठ्या डॉक्टरांनी भाऊजींना आणि वहिनींना आत बोलावलं. हे आणि मी बाहेर बाकावर. बराच वेळ लागला. बाहेर येऊन भाऊजी सरळ पाणी प्यायला गेले. वहिनी म्हणाल्या, "ताप उतरला की बघू म्हणाले. सगळं ठीक आहे." मी फाइल मागितली, तर मेट्रनबाईंनी अडवलं—घरच्यांची केस घरच्यांनी बघायची नाही, नियम आहे. वॉर्डाची इन्चार्ज म्हणून तुझ्या जावेचा इलाज नाही, पण तू तिथे सून म्हणून ये, सिस्टर म्हणून नको.

बरं.

१३ नोव्हेंबर

सासूबाई मजेत! शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होत्या, "दोन्ही सुना सिस्टर. एक पाणी देते, एक पाणी कसं द्यायचं ते शिकवते." सगळा वॉर्ड खिदळला. मीही हसले. वहिनी औषधं मोजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

१५ नोव्हेंबर

दुपारी गेले तर सासूबाई उताण्या. सकाळी गेले होते तेव्हाही उताण्या. डाव्या खुब्याखाली टॉवेलची एक पातळ घडी, बस्स. टाचा गादीला टेकलेल्या.

मी वहिनींना बाजूला घेतलं. आवाज शक्य तेवढा खाली ठेवून म्हटलं, "वहिनी, यांना वळवलेलं नाही वाटतं."

"बघतेय मी."

"ही टॉवेलची घडी कसली? मी उशी द्यायला सांगितलं होतं वर्गात—"

"तू वर्गात सांग. इथे मी आहे."

"आई आहेत त्या, वहिनी!"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, कसं ते मला सांगता येत नाही. म्हणाल्या, "माझ्याही आईच आहेत. तू यायच्या आधीपासून." आणि ट्रॉली ढकलत निघून गेल्या.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुमच्या दोघींच्या मानापानात आईला ओढू नका." मानापान!! मी ताट आपटलं. आपटायला नको होतं.

१८ नोव्हेंबर

वहिनी आज वर्गाला आल्या. मागेच बसल्या. सगळं संपत आल्यावर त्यांनी हात वर केला.

"रुग्ण नको म्हणाला तर?"

मी म्हटलं, "समजवायचं."

"समजूनही नको म्हणाला तर?"

मला वाटलं, आली संधी साधायला. मी म्हटलं, "मग थोडं रागवून का होईना, वळवायचंच. जखम झाली तर त्याहून जास्त हाल. आपल्याला जे कळतं ते त्याला कळत नसतं."

टकळीनं मान डोलावली. वहिनी उठल्या, खुर्ची नीट लावून ठेवली आणि गेल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते.

१९ नोव्हेंबर

चष्मेवालीला या आठवड्यात बायकांच्या वॉर्डात लावलंय. जेवायच्या सुट्टीत ती धावत आली, चेहरा पांढरा. "मॅडम, तुमच्या सासूबाई... पाठीला..."

गेले. पडदा ओढला. माकडहाडाशी कातडी सोललेली, ओलसर, कडेनं काळपट. जखम आत खोल जाते त्या पुढच्या पायरीची सुरुवात. सासूबाई डोळे मिटून होत्या. त्या झोपल्या नव्हत्या, हे मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलंय.

आता नियम माझाच आहे—जखम जिला दिसेल तिने त्याच दिवशी मेट्रनबाईंना कळवायचं. चष्मेवाली रडकुंडीला. "इन्चार्ज सिस्टरविरुद्ध मी कशी सांगू? मला इथेच नोकरी करायचीय, मॅडम." मी तिला चहा प्यायला पाठवलं आणि जिन्यावर उभी राहिले. वर मेट्रनबाईंची केबिन, खाली वॉर्ड. दुसऱ्या कुणाची सासू असती तर मी थांबले असते का? नाही. दुसरी कुणी इन्चार्ज असती तर? नाही.

वर गेले. माझ्या तोंडानं सांगितलं.

खाली आले तर वहिनी पडद्याआड सासूबाईंच्या जखमेवर मलमपट्टी करत होत्या. इतका हलका हात! माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलंस?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "बरोबर केलंस."

याहून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

मेट्रनबाईंनी दोघींना समोर उभं केलं. वहिनींना विचारलं, "एवढी जुनी सिस्टर तू, घरचा रुग्ण, आणि वळवलं नाहीस? कारण काय?"

"माझं चुकलं."

"ते झालंच. कारण विचारतेय."

"माझं चुकलं, मॅडम."

बस्स. मी मनात म्हणत होते, काहीतरी सांगा वहिनी, माणसं कमी होती म्हणा, गादी खराब होती म्हणा! मेट्रनबाई चिडल्या. इन्चार्जपद काढून घेतलं, औषधांच्या स्टोअरला बदली. आणि मला म्हणाल्या, निदान ही जखम तरी भरून दाखव. कातडीपुरतं तुला बघायला परवानगी. बाकी फाइलला हात नाही.

दारातून बाहेर पडताना वहिनींच्या खांद्यावरून पर्स घसरली. मी उचलून दिली. "थँक्यू" म्हणाल्या. परक्यासारखं.

२१ नोव्हेंबर

यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा चढलेला ऐकला. "घरातलं भांडण वॉर्डात नेलंस! दादाला तोंड कसं दाखवू मी?" मी म्हटलं, तुमच्या आईच्या पाठीचं मांस दिसतंय. चला, दाखवते. हे उठले. मग बाहेर जाऊन उभे राहिले.

भाऊजी जिन्यात भेटले. डोळे सुजलेले. मला वाटलं, बायकोचा अपमान झाला म्हणून.

२३ नोव्हेंबर

हवेची गादी मिळवली. स्टोअरमधून. म्हणजे वहिनींकडूनच! मी मागणी पाठवली आणि ती लगेच वर आली, पुसून, हवा भरून तपासून.

आता मी आणि चष्मेवाली ठरल्याप्रमाणे सासूबाईंना वळवतो. आधी हळूच बोलतो, मग दोघी मिळून. तरी प्रत्येक वेळी त्यांच्या घशातून तो आवाज येतो. एकदा म्हणाल्या, "धाकटे, पुरे." मी म्हटलं, "आई, एवढं सोसा. जखम भरली की औषध सुरू करतील." त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, लहान मुलाची समजूत काढावी तशी.

काही खात नाहीत. दूध दोन घोट. अंगात काही गेलं नाही तर जखम भरणार कशी? उद्या आहारवालीला गाठते.

२५ नोव्हेंबर

जखमेच्या कडा गुलाबी! काळपटपणा गेला. चष्मेवालीनं टाळी वाजवली आणि स्वतःच दचकली. शिंपीकाकांचा खुबा तर पूर्ण बरा. दोन्ही वॉर्डांत नवी जखम नाही. टकळी आता दुसऱ्यांना टेबलावर झोपवून झाकण ठेवते, फार दुष्टपणे!

मेट्रनबाई म्हणाल्या, साहेब खूश आहेत. पुढच्या महिन्यापासून सगळी इमारत. "तुझ्यासारख्या पाच जणी हव्यात मला."

खूश व्हायला हवं होतं मी. खाली स्टोअरच्या खिडकीशी वहिनी हातमोज्यांची खोकी लावत होत्या. मी थांबले. त्याच म्हणाल्या, "उजवीकडे कमी ठेवत जा. तिकडचं हाड फार बोलतं त्यांना. आणि वळवायच्या आधी दुखण्याची गोळी लागू पडू दे, घाई करू नकोस."

"बरं."

"टॉवेलची घडी अंगठ्याएवढीच हलवली ना, तरी दाब सुटतो थोडा. त्यांना तेवढंच सोसायचं."

मी म्हटलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत मला?" त्यांनी खोकं फळीवर ठेवलं. मागून कुणीतरी इंजेक्शनं मागायला आलं. त्या तिकडे वळल्या.

सबंध दिवस ते डोक्यातून जात नाही. म्हणजे त्या अंगठ्याएवढं का होईना, हलवत होत्या. मग तेवढ्यावरच का थांबल्या? येतंय त्यांना सगळं. माझ्याहून चांगलं येतं. मग का?

२६ नोव्हेंबर

यांना घेऊन गेले होते. आईच्या उशाशी बसून हे घराच्या रंगाबद्दल बोलत राहिले. "तू आलीस की कुठला द्यायचा ते ठरवू." सासूबाई म्हणाल्या, "पांढरा नको. मळतो." मोठे डॉक्टर फेरीला आले, नाडी बघितली, हसले, गेले. मी मागे धावले—"सर, नवीन औषध कधी?" ते म्हणाले, "इन्चार्ज सिस्टरशी बोललोय ना मी सविस्तर." जुन्या की नव्या, ते विचारायच्या आत लिफ्टमध्ये.

२७ नोव्हेंबर

गोळी देऊन, थांबून, सासूबाईंना वळवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "मोठीला परत आण. तिची चूक नाही. मीच तिला शपथ घातली होती—मला पडू दे, हलवू नकोस. आणि धाकटीला कळू देऊ नकोस."

"काय कळू द्यायचं नाही, आई?"

"औषध नाहीये आता, बाळ. आले त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले. सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक असेल असं धरून चालतात बिचाऱ्या. तू येऊन हसायचीस, बरं व्हायच्या गोष्टी करायचीस. तेवढं एक माणूस हवं होतं मला."

मी त्यांना पुन्हा उताणं केलं. टॉवेलची घडी अंगठ्याएवढी सरकवली. मग वहिनींना बोलवायला खाली गेले.

यांना अजून सांगितलेलं नाही.